ल्यूर, डिकॉय आणि गोराईचा नारळ

कोर्टात दुभाष्याला खुर्ची नसते. साक्षीदाराला पिंजरा असतो, वकिलाला बाक असतो, पट्टेवाल्यालाही दाराशी एक स्टूल असतं. दुभाष्या पिंजरा आणि मॅजिस्ट्रेटचं टेबल यांच्या मधल्या फरशीवर उभा असतो. साक्षीदार मराठीत बोलला की त्याने ते इंग्रजीत सांगायचं, साहेबांनी ते टायपिस्टला सांगायचं, आणि शेवटी दुभाष्यानेच तो इंग्रजी कागद मराठीत वाचून दाखवायचा. साक्षीदार ‘बरोबर’ म्हणतो आणि अंगठा उठवतो. बहुतेक लोक घाईने ‘बरोबर’ म्हणतात. त्यांना घरी जायचं असतं.

हे काम मी उपनगरातल्या एका कोर्टात केलं. कुठल्या, ते सांगत नाही. काही वर्षंच केलं, आणि आता सोडलंय. एवढ्या लहान वयात आठवणी लिहायला बसलो म्हणून वडीलधारे हसतील. हसू देत. काही नोकऱ्यांत माणूस लवकर म्हातारा होतो.

मी वाचायला शिकलो तो पत्रकांवर. वडील गिरणीत होते आणि युनियनच्या पत्रकांचे गठ्ठे बोरीवलीच्या आमच्या खोलीत कॉटखाली असायचे. अंकलिपीत ‘गणपतीचा ग’ असतो, माझा ‘ग’ गिरणीचा होता. ‘मालकांच्या जाळ्यात सापडू नका!’ ‘आमिषाला बळी पडू नका!’ ‘फितुरांनी लावलेला गळ ओळखा!’ ही वाक्यं मी पाढ्यांसारखी पाठ केली होती. जाळं, गळ, आमिष, फास हे चार वेगळे शब्द आहेत असं मला कधी वाटलंच नाही. चौघांचा अर्थ एकच होता: मालक.

पुढे शाळेत असताना मी दारूबंदीचीही पत्रकं वाटली. आमचा एक काका दारूने गेला होता. दारूचा मला आजही तिटकारा आहे. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचून कुणाचा गैरसमज नको.

आमचे मॅजिस्ट्रेटसाहेब मद्रासकडचे. मराठी कामापुरतं कळायचं, पण बोलायला लाजायचे. माणूस भला, आणि इंग्रजी शब्दांच्या बाबतीत सोनारासारखा. माझी त्यांच्याशी पहिली गाठ पडली ती घाटकोपरच्या एका प्रकरणात. एका दुकानदाराची मुलगी शेजारच्या पोराबरोबर पळून गेली होती. बाप पिंजऱ्यात उभा राहून ओरडत होता, ‘‘ह्या नालायकानं माझ्या पोरीला फूस लावली!’’ मी ‘फूस लावली’चं इंग्रजी केलं, ‘टेम्प्टेड’.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. ‘‘टेम्प्टेड? म्हणजे काय, ती मुलगी आणि समोर जिलबी? टेम्प्टेशन माणसाच्या आतून येतं. जिलबीला कुठे माहीत असतं की आपल्याकडे कुणी बघतंय! इथे दुसरा माणूस आहे. तो हाक मारतो, एकेक पाऊल पुढे बोलावतो. त्याला एन्टाइस म्हणतात. कायद्यात तोच शब्द आहे.’’

मी एन्टाइस केलं. मग मुलगी आली. तिने सगळ्यावर पाणी ओतलं.

‘‘ह्यानं मला नेली? ह्यानं?’’ तिने पोराकडे असं बघितलं की तो खाली बसला. ‘‘अहो, पिशवी मी भरली. टांगा मी ठरवला. हा सबंध रस्ता रडत होता, आई मारेल म्हणून. दोनदा तर परत निघाला होता, मीच हाताला धरून ठेवलं.’’

मी इंग्रजी केलं. साहेबांनी चष्मा काढून पुसला. ‘‘मग कुणी कुणाला एन्टाइस केलं, मिस्टर इंटरप्रिटर?’’

बाप हार मानणारा नव्हता. ‘‘मग तिनं त्याला फूस लावली असं लिहा! पण कुणीतरी कुणाला तरी लावली असं लिहाच. चार माणसांत मी काय सांगू?’’

मुलगी सज्ञान निघाली, पोरगा सुटला आणि कोर्टातून बाहेर पडताना त्याची पिशवीसुद्धा तिनेच उचलली होती. असे दिवसही होते.

दुपारी सुट्टीत साहेब मला बोलावून घ्यायचे. डब्यातला दहीभात खाता खाता ते शब्द उलगडून दाखवायचे. त्यांना तो नाद होता, मलाही लागला. ल्यूर हा शब्द बहिरी ससाणा पाळणाऱ्यांचा. पिसांची मोळी दोरीला बांधून हवेत फिरवायची, ससाण्याला वाटतं भक्ष्य आहे, तो खाली येतो. म्हणजे ल्यूरमध्ये जे दिसतं ते नसतंच. बेट मात्र खरं खाद्य. किडा खरा असतो, त्याच्या आत काटा असतो. ट्रॅपला कुणाला बोलवायची गरज नाही. तो वाटेत लावून ठेवायचा, ज्याची वाट तिथून जाते तो अडकतो. स्नेअर म्हणजे फास, जितकं ओढाल तितका आवळतो. मी थक्क व्हायचो. ज्या शब्दांची मी पत्रकांत नुसती आरोळी ठोकत होतो, ते सगळे वेगवेगळ्या गुन्ह्यांचे निघाले. मला वाटू लागलं, नेमका शब्द सापडला की नेमका न्याय होईल. पत्रकांवर वाढलेल्या पोराचीच ही समजूत.

डिकॉय मात्र साहेबांना समजवावा लागला नाही, तो चालत कोर्टात आला. बोरीवलीच्या जंगलाच्या कडेला पाखरं धरणाऱ्या एका म्हाताऱ्याला रखवालदाराने पकडून आणलं होतं, आणि मुद्देमाल म्हणून त्याचा पाळीव तित्तर पिंजऱ्यासकट टेबलावर ठेवला होता. तो भर कोर्टात ओरडत होता. सरकारी वकील बोलायला उठले की जास्तच.

‘‘हा वरडतो,’’ म्हातारा सांगू लागला, ‘‘रानातला तित्तर ऐकतो. त्याला वाटतं, माझ्या जागंत कोण आला? भांडाया येतो आन पाय फासात.’’

साहेब खूश झाले. त्यांनी माझ्यामार्फत विचारलं, आपण जातभाईंना मारतोय हे या पाखराला कळतं का?

‘‘त्याला काय ठावं?’’ म्हातारा म्हणाला. ‘‘वरडलं की दाणं मिळत्यात, येवढं ठावं. तोबी कुणाच्यातरी वरडण्यानंच धरलेला हाय की.’’

ते तेव्हा मजेत ऐकलं. नंतर हसू आलं नाही.

दारूबंदीचे खटले आमच्याकडे रोजचे. दारू विकणारा पकडायचा तर पोलीस बोगस गिऱ्हाईक पाठवतात. त्याच्याजवळ सही केलेली नोट देतात, बाहेर दोन पंच उभे करतात. बाटली हातात पडली की गिऱ्हाईक डोक्याला हात लावतं किंवा खोकतं, आणि मंडळी आत शिरतात. यात बेकायदा काही नाही. जो रोज विकतोच त्याच्या वाटेत लावलेला तो ट्रॅप. पण ज्याच्या मनात गुन्हा नव्हता त्याला कुणी गयावया करून, खोटं सांगून गुन्ह्यात ओढलं, तर ते ल्यूर करणं झालं, आणि मग शिक्षा देताना न्यायाधीशाचा हात थांबतो. हा फरक मी साहेबांकडूनच शिकलो होतो. म्हणूनच फिलूबायचा खटला आला तेव्हा मला खात्री होती की ती सुटणार.

फिलूबाय गोराईची. खाडीपलीकडच्या ख्रिस्ती कोळीवाड्यात राहणारी विधवा. बोंबील सुकवून विकायची आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूचं करायची. तिच्या घरात संताची तसबीर आहे. तसबिरीमागे ओवा आणि कसल्यातरी मुळ्या घातलेल्या दारूची एक बाटली असायची. गावातली बाळंतीण, छाती भरलेलं पोर, कुणालाही लागली की तिथून न्यायची. किंमत विचारायची नाही. मात्र नेणाऱ्याने संताच्या पायाशी काहीतरी ठेवायचं, अंडं, केळं, नाणं, जे असेल ते. रिकाम्या हाताने औषध नेलं तर गुण येत नाही, ही तिथली समजूत. ठेवलेलं फिलूबाय हातात घेत नसे. रविवारी ते देवळात जायचं.

दारू चोळून कुणाची छाती मोकळी होते यावर माझा विश्वास नाही. पण आजारी पोराच्या बापाला दार उघडतं, यावर माझा विश्वास होता.

खाडीच्या चिखलात मोठ्या भट्ट्या होत्या. त्या कुणाच्या, हे बोरीवलीच्या बाजारात कुणालाही विचारा. तिथे हात घालायची फौजदाराची छाती नव्हती, आणि वरून तर केसेस मागत होते. मग त्याने गोविंदाला धरलं. गोविंदा मूळचा मालवणकडचा, कांदिवलीच्या खाणीत खडी फोडायचा. एकदा पिऊन सापडला होता. फौजदाराने त्याला सांगितलं, गोराईला जा, पोर आजारी आहे म्हण, तुझी केस मिटवतो.

गोविंदा गेला. फिलूबायने बाटलीतलं औषध लहान बाटलीत ओतून दिलं. त्याने संताच्या पायाशी नोट ठेवली आणि तो खोकला. पंच आत आले तेव्हा तसबिरीखाली सही केलेली नोट होती आणि शेजारी एक नारळ. दोन्ही जप्त झालं. विक्री सिद्ध झाली.

खटल्याच्या दिवशी फिलूबाय धुवट लुगडं नेसून आली होती. तिचे वकील सामंत, गोरगरिबांचे खटले चालवणारे, कायम सर्दी झालेले. बाहेर व्हरांड्यात ते तिला शिकवत होते. ‘‘बाई, एवढंच म्हणायचं. ह्यानं मला भुलवलं, नाहीतर मी दिली नसती. बस्स. बाकी मी बघतो.’’

‘‘तुरुंगात पाठवतील का वो मना?’’

‘‘हे म्हणालात तर नाही पाठवणार.’’

‘‘सासूला पाणी पाजायला कोण नाय,’’ ती म्हणाली. ‘‘शेजारीण म्हणते एक दिस बघीन, दोन दिस बघीन.’’

गोविंदाची साक्ष आधी झाली. पिंजऱ्याचा कठडा त्याने दोन्ही हातांनी धरला होता. सामंतांनी उलटतपासणी सुरू केली.

‘‘पोर आजारी आहे हे सांगायला तुला कुणी शिकवलं?’’

‘‘फौजदारसाहेबांनी.’’

सामंतांनी विजयी मुद्रेने साहेबांकडे पाहिलं. मी इंग्रजी केलं. ल्यूर हा शब्द माझ्या जिभेवर तयार होता. पिसांची मोळी. जे दिसतं ते नसतंच.

‘‘आणि नोट?’’

‘‘त्यांनीच दिल्यानी.’’

‘‘मग नारळ कुणाचा?’’

गोविंदाने मान खाली घातली.

‘‘अरे, नारळ कुणी दिला? पोलिसांनी?’’

‘‘नाय. माझो.’’

‘‘तुझा? कशाला नेलास? तुला नोट दिली होती ना?’’

‘‘नोट पोलिसांची,’’ गोविंदा म्हणाला. आवाज इतका खाली गेला होता की मला त्याच्याजवळ जावं लागलं. ‘‘पोलिसांच्या नोटीन माझ्या चेडवाक गुण कसो येतलो? म्हणान घराकडसून नारळ नेलंय.’’

चेडू म्हणजे त्याची मुलगी. त्याला खरंच आजारी मुलगी होती. फौजदाराने थाप म्हणून जे शिकवलं ते खरं होतं.

सामंतांचा चेहरा पडला. सरकारी वकिलांनी मान डोलावली. मी साहेबांकडे तोंड करून सगळं इंग्रजीत सांगितलं, नारळासकट, आणि सांगताना मला कळत होतं की ल्यूर हा शब्द हातातून सुटला. आमिष खरं होतं. आणि ते घेऊन आलेला माणूस स्वतःच पिंजऱ्यातला तित्तर होता.

तेवढ्यात आरोपीच्या पिंजऱ्यातून आवाज आला.

‘‘पोर बरी हाय का रं आता?’’

पट्टेवाला ओरडला, ‘‘ए बाई, गप्प!’’ गोविंदाने मान वर केली नाही. साहेबांनी मला विचारलं, ती काय म्हणतेय?

‘‘मुलगी आता बरी आहे का, असं ती विचारतेय, सर.’’

टायपिस्टचा हात थांबला होता. साहेब म्हणाले, ‘‘हे नोंदवायचं नाही. हा पुरावा नाही.’’

जेवणाच्या सुट्टीनंतर फिलूबायचा जबाब. साहेबांनी स्वतःच, माझ्यामार्फत, तिला सरळ विचारलं. मला वाटतं त्यांना तिला सोडायचं होतं. ते वाट करून देत होते.

‘‘या माणसाने रडून, विनवून तुला भुलवलं, म्हणून तू दिलीस का?’’

सामंत तिच्याकडे डोळे वटारून बघत होते. मी तर प्रश्न विचारताना तिला जवळजवळ मान हलवूनच दाखवणार होतो. पण दुभाष्या शपथेने बांधलेला असतो.

‘‘भुलवली कशी?’’ फिलूबाय म्हणाली. ‘‘पोर आजारी व्हती ना खरंच? तो बोलला ना आता?’’

‘‘ते तुला तेव्हा माहीत नव्हतं. तेव्हा तू त्याच्या बोलण्याला फसलीस.’’

‘‘मना कुणी फसवली नाय. मागितली म्हणून दिली.’’

‘‘बाई,’’ सामंत न राहवून म्हणाले, ‘‘नीट विचार करून सांगा. त्यानं भुलवलं नसतं तर दिली नसती, असंच ना?’’

सरकारी वकील आक्षेप घ्यायला उठले, पण त्याची गरज पडली नाही. फिलूबायला राग आला होता. सबंध दिवसात पहिल्यांदाच.

‘‘मी फसली असं सांगू? म्हणजे द्यायची नव्हती, चुकून दिली, असं? माझ्या सासूनं दिली, तिच्या सासूनं दिली, त्या सगळ्या फसल्या? उद्या कुणी पोर घेऊन आला तरी देईन. लिहा.’’

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

मी इंग्रजी केलं. एक शब्द इकडचा तिकडे न करता केलं. उद्या कुणी आला तरी देईन, हेही. ते वाक्य इंग्रजीत जाताच तिच्या सुटकेचं दार बंद झालं, हे त्या खोलीत तिच्याखेरीज सगळ्यांना कळलं. उद्याही देईन म्हणणारीला कुणी गुन्ह्यात ओढलं नव्हतं. कायद्याच्या भाषेत ती गुन्ह्याला तयारच होती. पोलिसांचा ट्रॅप शुद्ध ठरला.

नंतर मी तिला जबाब वाचून दाखवला. तिने प्रत्येक वाक्य लक्ष देऊन ऐकलं, घाई केली नाही. ‘‘बरोबर,’’ म्हणाली. इतक्या मनापासून ‘बरोबर’ म्हणणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

तिला सक्तमजुरी झाली. शिक्षा साहेबांनी कायद्यात बसेल तेवढी कमी दिली. त्या दुपारनंतर त्यांनी मला दहीभात खाताना बोलावलं नाही.

गोविंदा फाटकाशी उभा होता. मी रागाने जवळून निघालो होतो. पत्रकांत फितुराशी कसं वागायचं ते सांगितलेलं असतं.

‘‘साहेबानू,’’ त्याने हाक मारली. ‘‘बायनं इचारल्यानी ना, चेडू कसा आसा म्हणान...’’

‘‘मग उत्तर का नाही दिलंस?’’

‘‘चेडू ऱ्हवला नाय.’’

मी थांबलो.

‘‘त्याच आठवड्यात गेला. तिना दिलेला औषध माझ्या हातात होता, साहेबानू. माझ्या हातात होता. मी खोकलंय आणि फौजदाराच्या हातात दिलंय.’’ तो आपल्या तळहाताकडे बघत होता. ‘‘आता तां थयसर आसा ना? आत?’’

होतं. लाखेचं सील केलेली ती बाटली मुद्देमालाच्या खोलीत फळीवर होती. कोर्टाच्या हुकमाने पुढे ती मागच्या गटारात ओतली. तो दिवसभर ओव्याचा वास कोर्टात येत होता.

मी राजीनामा दिला. कुणी थांबवलं नाही. आईने विचारलं, तुला कुणी काही बोललं का? मी म्हटलं, नाही. खरंच कुणाचं काही चुकलं नव्हतं. साहेबांनी कायदा पाळला, मी शपथ पाळली, फिलूबायने रीत पाळली. गोविंदानेसुद्धा नारळ नेला होता. अशा वेळी ज्याच्याविरुद्ध पत्रक काढायचं तो मालक मला सापडेना. फौजदाराचं नाव घालून मी एक पत्रक लिहिलंही. छापखान्यात न्यायच्या आधी वाचून पाहिलं. ‘आमिषाला बळी पडू नका!’ असं मी वर लिहिलं होतं. म्हणजे काय करू नका? आजारी पोराला दार उघडू नका? मी ते फाडून टाकलं.

फिलूबाय सुटून आल्याचं सामंतांकडून कळलं, तेव्हा मी खाडी ओलांडून गोराईला गेलो. सासू ती आत असतानाच वारली होती. फिलूबाय अंगणात बोंबील उलटत होती. तिने मला ओळखलं. ‘‘तू तो कोर्टातला ना? माझं बोलणं साहेबाला सांगणारा? नीट सांगितलंस, बाबा,’’ ती म्हणाली. मला खाली बघावं लागलं.

तिने चहा ठेवला. तसबीर होती तिथेच होती. मागे काही आहे का ते मी विचारलं नाही.

चहा पिता पिता एक माणूस आला. चाळिशीचा, घामाघूम, हातात नारळ. पलीकडून आलो म्हणाला, बायको बाळंत झाली आहे, अंगात थंडी भरली आहे, दातखीळ बसते आहे, कुणीतरी तुमचं घर सांगितलं. बोलता बोलता तो, कुणी सांगून पाठवल्यासारखा, सरळ आत गेला आणि नारळ संताच्या पायाशी ठेवला.

फिलूबायने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या तोंडाकडे, मग हातांकडे, मग दाराबाहेर रस्त्याकडे, तिथे कुणी उभं आहे का ते. एवढं निरखून ती आधी कधी कुणाकडे बघत नसणार.

‘‘माझ्याकडं काय नाय,’’ ती म्हणाली.

‘‘अहो मावशी, थोडी तरी...’’

‘‘नाय म्हटलं ना.’’ ती उठली, नारळ उचलला आणि त्याच्या हातात दिला. ‘‘हा परत ने.’’

तो गेल्यावर तिने मला हळूच विचारलं, ‘‘पोलिसांचा व्हता का रं?’’

‘‘ठाऊक नाही,’’ मी म्हणालो.

परतीच्या होडीत तो माणूस माझ्यासमोरच बसला होता. नारळ मांडीवर. खाडीचं पाणी ओसरत होतं आणि तो किनाऱ्याकडे डोळे लावून बसला होता, होडीवाल्याला सारखा ‘जरा लवकर’ म्हणत. मी त्याला काहीतरी विचारायला हवं होतं, बायको कशी आहे, डॉक्टर बघितला का. मी विचारलं नाही. बोरीवलीचा काठ येईपर्यंत मी त्याच्या सदऱ्याच्या खिशाकडे बघत होतो, आत सही केलेली नोट दिसते का ते.